यंत्राची दिशा कोण ठरविणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न आज आपल्यापुढे दोन तोंडांनी बोलतो. एक तोंड म्हणते, हे यंत्र आले की उत्पादन झपाट्याने वाढेल, दारिद्र्य हटेल आणि जो देश आज मागे राहील तो कायमचा मागे राहील. दुसरे तोंड म्हणते, हे यंत्र सर्वांच्या नोकऱ्या खाणार, आता त्यावर इलाज नाही. पहिले तोंड गुंतवणूकदाराचे आहे, दुसरे भेदरलेल्या नोकरदाराचे. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरुद्ध आहेत. परंतु दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे. यंत्र ज्या दिशेने चालले आहे ती दिशा निसर्गाने ठरवून दिली आहे, मृगाच्या पावसासारखे ते यायचेच, माणसाने फार तर छत्री धरावी, असे दोघेही मानतात.

आज मला या गृहीतकाविरुद्ध बोलावयाचे आहे. त्यासाठी मी जो साक्षीदार आणला आहे तो समाजवादी नव्हे. बाजारव्यवस्थेवर विश्वास असणारा, गणिती पद्धतीने काम करणारा तो एक प्रतिष्ठित अर्थशास्त्रज्ञ आहे. आपल्या बाजूचा साक्षीदार आपल्या बाजूने बोलला तर त्यात नवल नसते. समोरच्या अंगणातला माणूस तेच बोलू लागला तर त्याचे म्हणणे नीट ऐकावे लागते.

डॅरन असेमोग्लू यांचा जन्म १९६७ साली इस्तंबूलमध्ये एका आर्मेनियन कुटुंबात झाला. शिक्षण इंग्लंडमध्ये, यॉर्क येथे व नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये झाले. १९९३ पासून ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करीत आहेत. सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांच्यासमवेत त्यांना २०२४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळाले राज्यसंस्था व अर्थसंस्था कशा घडतात आणि त्यांचा समृद्धीशी संबंध काय, या अभ्यासासाठी. यंत्रांच्या अभ्यासासाठी नव्हे. परंतु दोन्ही विषयांमागील प्रश्न एकच आहे, आणि तो असा की सत्ता कोणाच्या हाती आहे आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो.

नोकरी म्हणजे कामांची मोळी

असेमोग्लू आणि त्यांचे सहकारी पास्कुआल रेस्त्रेपो यांच्या मांडणीतील पहिली पायरी साधी आहे. नोकरी ही एकसंध वस्तू नसते. ती अनेक कामांची मोळी असते. बँकेतील कारकून घ्या. तो नोंदी करतो, सही जुळवून पाहतो, हिशेब तपासतो, अडाणी ग्राहकाला अर्ज भरून देतो, आणि कर्ज मागणाऱ्याच्या चेहऱ्यावरून काही ताडतोही. यंत्र येते तेव्हा ते सबंध कारकुनाची जागा घेत नाही. ते त्या मोळीतून काही काटक्या काढून घेते.

यातून तीन परिणाम संभवतात. काढून घेतलेल्या कामापुरती श्रमिकाची गरज कमी होते, हा पहिला. उत्पादन स्वस्त झाल्यामुळे मागणी वाढून उरलेल्या कामांसाठी माणसे अधिक लागू शकतात, हा दुसरा. आणि यंत्रामुळे पूर्वी नसलेली नवी कामे निर्माण होऊन त्यांत माणसाला जागा मिळू शकते, हा तिसरा. पहिला परिणाम श्रमिकाला ढकलतो. दुसरा आणि तिसरा त्याला सावरतात. कोणता परिणाम वरचढ ठरेल हे आधीपासून ठरलेले नसते. अमेरिकेचा इतिहास तपासून या दोघांनी दाखवून दिले की १९४७ पासून सुमारे १९८७ पर्यंत हिरावलेली कामे आणि नव्याने मिळालेली कामे यांचा तोल बहुतांशी राखला गेला होता. त्यानंतरच्या तीस वर्षांत हिरावण्याचा वेग वाढला आणि नवी कामे निर्माण होण्याचा वेग मंदावला.

त्याचे मोजमापही त्यांनी केले. १९९० ते २००७ या काळात अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांत कारखान्यांतील रोबो किती वाढले आणि तेथील रोजगाराचे काय झाले, हे त्यांनी पाहिले. दर हजार कामगारांमागे एक रोबो वाढला की रोजगारातील लोकसंख्येचे प्रमाण ०.२ टक्के-बिंदूंनी आणि वेतन ०.४२ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. २०२२ सालच्या त्यांच्या दुसऱ्या निबंधानुसार अमेरिकेतील वेतनरचनेत चार दशकांत जे बदल झाले, त्यांपैकी ५० ते ७० टक्के बदलांचा उलगडा यांत्रिकीकरणाने ज्यांची नित्याची कामे गेली त्या श्रमिकगटांच्या घसरलेल्या वेतनातून होतो. अमेरिकेतील विषमतेचे कारण केवळ कामगाराचे अपुरे शिक्षण आहे, असे जे वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्याला हे उत्तर आहे.

शंभरात सहासष्ट पैसे

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू. गोल्डमन सॅक्स या वित्तसंस्थेने २०२३ साली अंदाज वर्तविला की या तंत्राने दहा वर्षांत जगाचे उत्पन्न ७ टक्क्यांनी वाढू शकेल आणि ३० कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम यंत्राच्या कक्षेत येईल. असेमोग्लू यांनी २०२४ साली याच प्रश्नाचा हिशेब मांडला. तो हिशेब आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावा इतका सोपा आहे.

अर्थव्यवस्थेतील सर्व कामांचे मूल्य शंभर रुपये धरा. त्यांपैकी सुमारे २० रुपयांच्या कामांना हे तंत्र हात घालू शकते. परंतु हात घालता येणे वेगळे आणि परवडणे वेगळे. पुढील दहा वर्षांत फायदेशीरपणे खरोखर यंत्राकडे जाईल तो भाग या वीस रुपयांतील सुमारे २३ टक्के, म्हणजे ४ रुपये ६० पैसे. या कामांमध्ये खर्चाची बचत सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास. गुणाकार करा. उत्तर येते सुमारे ६६ पैसे. म्हणजे अर्थव्यवस्थेची एकूण उत्पादकता शंभराला ६६ पैशांनी वाढेल, आणि तीही एका वर्षात नव्हे, दहा वर्षांत मिळून. आजवर यंत्राने शिकलेली कामे सोपी होती, यापुढची अवघड आहेत, हे ध्यानात घेतले तर आकडा ५३ पैशांच्याही खाली जातो. राष्ट्रीय उत्पन्नातील वाढ दहा वर्षांत सुमारे एक टक्का.

हा हिशेब अंतिम सत्य आहे असे मी म्हणत नाही. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फिलिप आगियाँ यांना २०२५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांनी सिमोन ब्युनेल यांच्यासह २०२४ मध्ये हीच चौकट घेऊन, त्यातील गृहीतके बदलून, उत्पादकतेची वाढ वर्षाला सुमारे ०.६८ टक्के-बिंदू एवढी काढली. एकाचे उत्तर दहा वर्षांचे मिळून, दुसऱ्याचे जवळजवळ तेवढेच दरसाल! एकाच चौकटीतून दहापट फरक निघतो याचा अर्थ शास्त्र खोटे आहे असा नव्हे. किती कामे यंत्राकडे जातील आणि त्यांत बचत किती होईल, हे अद्याप ठरावयाचे आहे, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून कोणी आकडा फेकून आपल्याला घाबरवू किंवा भुलवू लागला तर पहिला प्रश्न विचारावा, की या गुणाकारातील प्रत्येक संख्या तुम्ही कोठून आणली?

असेमोग्लू यांच्या आकड्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. लाभ थोडा आणि उलथापालथ मोठी असेल तर श्रमिकाची स्थिती सर्वांत वाईट होते. यंत्राने उत्पादन खरोखर प्रचंड वाढले तर निदान मागणी वाढून दुसरीकडे काम मिळते. परंतु जे यंत्र माणसाला हटविते आणि त्याच्यापेक्षा जेमतेमच बरे काम करते, ते श्रमिकाचे वेतन मालकाच्या खिशात सरकविण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. अशा तंत्रासाठी असेमोग्लू आणि रेस्त्रेपो यांनी जो शब्द योजला आहे त्याला आपल्या भाषेत ‘बेताचे तंत्र’ म्हणता येईल. तक्रार करण्यासाठी फोन करावा, तर हे बटण दाबा, ते बटण दाबा असे ध्वनिमुद्रित आवाज सांगत राहतो आणि माणूस काही भेटत नाही. कंपनीचा पगार वाचला. काम मात्र ग्राहकाच्या गळ्यात पडले. याला प्रगती म्हणावयाचे असेल तर प्रगती या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

रिकार्डोने मत बदलले, त्याची गोष्ट

उत्पादकता वाढली की आज ना उद्या वेतन वाढतेच, असे आपल्याला शिकविले जाते. असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेला ‘पॉवर अँड प्रोग्रेस’ हा ग्रंथ या श्रद्धेची हजार वर्षांच्या इतिहासाच्या आधारे चिकित्सा करतो. पुढच्याच वर्षी या दोघांनी जो निबंध लिहिला त्यात त्यांनी दोन साक्षीदार बोलावले आहेत. एक डेव्हिड रिकार्डो, अभिजात अर्थशास्त्राचा आधारस्तंभ. दुसरे ई. पी. थॉम्पसन, इंग्लंडच्या श्रमिकवर्गाचे समाजवादी इतिहासकार.

१८१९ साली रिकार्डो ब्रिटिश पार्लमेंटमध्ये म्हणत होता की यंत्रांमुळे श्रमाची मागणी घटत नाही. दोन वर्षांनी, १८२१ साली, आपल्या प्रमुख ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने यंत्रांवर एक नवे प्रकरण घातले. यंत्रे आपल्या हिताच्या विरुद्ध जातात ही कामगारांची समजूत निव्वळ अज्ञानातून आलेली नाही, तिला अर्थशास्त्राचा आधार आहे, असे त्यात त्याने मान्य केले. अर्थशास्त्राच्या वर्गात रिकार्डोचा खंडसिद्धान्त आणि तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त तपशिलाने शिकविला जातो. या प्रकरणावरून मात्र घाईने पुढे जाण्याचा प्रघात आहे.

त्या काळी इंग्लंडमध्ये काय चालले होते? प्रथम सूतकताईची यंत्रे आली. सूत स्वस्त आणि मुबलक झाले, त्यामुळे हातमागावरील विणकरांना सुगीचे दिवस आले. म्हणजे यंत्राने त्यांच्या कामाला पूरक भूमिका बजावली. पुढे यंत्रमाग आला तेव्हा तोच विणकर नागवला गेला. काही दशकांत त्याची मजुरी निम्म्याहून खाली आली. ज्यांना कारखान्यात काम मिळाले त्यांनी घरच्या मागावरील स्वायत्तता गमावून भोंग्याची आणि मुकादमाची शिस्त पत्करली. १७९९ पासून १८२४ पर्यंत कामगारांच्या संघटना कायद्याने निषिद्ध होत्या. १८१२ साली माग मोडणाऱ्यास देहदंडाची शिक्षा ठरविणारा कायदा झाला. विणकराला मत नव्हते, संघटना नव्हती, आणि म्हणून वाटणीत त्याला आवाजही नव्हता. इंग्लंडमधील शहरी कामगारांना मोठ्या संख्येने मतदानाचा हक्क मिळाला तो १८६७ साली, आणि कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता १८७१ साली.

यंत्र कालांतराने सर्वांचे भले करते असे म्हणणाऱ्यांना या तारखा दाखवाव्यात. मधल्या काळात दोन पिढ्या खपल्या. आणि नंतर जे भले झाले ते यंत्राने आपणहून केलेले नव्हते. मत, संघटना आणि कायदा यांनी ते यंत्राकडून करवून घेतले. या कहाणीचा आणखी एक भाग आपल्याला ठाऊक आहे. लँकेशायरच्या मागांनी आपल्या देशातील विणकरांची काय दशा केली, हे रमेशचंद्र दत्त यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले. तेथील विणकराला निदान पन्नास वर्षांनी मत मिळाले. येथील विणकराचे भवितव्य ज्या सभागृहात ठरत होते, तेथे त्याचा प्रतिनिधी स्वातंत्र्यापर्यंत बसूच शकला नाही.

दिशा निवडता येते

या साऱ्यातून असेमोग्लू यांचा मुख्य निष्कर्ष निघतो. तंत्रज्ञानाला वेग असतो तशी दिशाही असते, आणि ती दिशा निवडली जाते. एकच तंत्र श्रमिकाला हटविण्यासाठी वापरता येते आणि त्याचे कसब वाढविण्यासाठीही. ग्राहकांना साहाय्य करणाऱ्या ५,१७९ कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास एरिक ब्रिनयॉल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. उत्तर सुचविणारे यंत्र हाताशी दिल्यावर कर्मचाऱ्यांची उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली. नवख्या व कमी कसबी कर्मचाऱ्यांची ३४ टक्क्यांनी. म्हणजे यंत्राने माणसाला हटविले नाही, शिकविले. पण यात एक मेख आहे. हे यंत्र काय शिकवीत होते? त्याच कंपनीतील अनुभवी कर्मचाऱ्यांच्या संभाषणांतून वेचलेली हातोटी. वर्षानुवर्षांच्या अनुभवातून कमावलेले ते ज्ञान मालकाच्या यंत्रात गेले. ज्यांचे ते ज्ञान होते त्यांना त्याचा मोबदला काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. कृत्रिम बुद्धिमत्ता ज्याला ‘डेटा’ म्हणते ते बहुतांशी माणसांचे साठविलेले श्रमच होत.

मग आज दिशा माणसाला हटविण्याकडे का आहे? एक कारण कररचनेत आहे. असेमोग्लू, आंद्रेआ मानेरा आणि रेस्त्रेपो यांच्या २०२० सालच्या अभ्यासानुसार अमेरिकेत श्रमावरील प्रत्यक्ष करभार २५.५ ते ३३.५ टक्के होता, तर यंत्रसामग्री व संगणक-आज्ञावलीवरील भार २०१० नंतरच्या दशकात सुमारे १० टक्के आणि २०१७ च्या करसुधारणेनंतर सुमारे ५ टक्के. माणूस ठेवला तर सरकार दंड करते आणि यंत्र ठेवले तर शाबासकी देते, असाच याचा अर्थ. दुसरे कारण मूठभर बलाढ्य कंपन्यांची मक्तेदारी. तिसरे कारण संघटित श्रमिकशक्तीचा ऱ्हास. यावर असेमोग्लू जे उपाय सुचवितात ते असे: श्रम व भांडवल यांवरील करभार समान करावा, माणसाला पूरक ठरेल अशा संशोधनाकडे सरकारी पैसा वळवावा, मक्तेदारी मोडावी, अंकीय जाहिरातींवर कर बसवावा, आणि यंत्र कसे वापरावयाचे या निर्णयात श्रमिकांना वाटा द्यावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेतील चित्रपट-दूरचित्रवाणी लेखकांची संघटना २०२३ साली १४८ दिवस संपावर होती. करारात त्यांनी मिळविले ते असे की यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाचे श्रेय वा मानधन कमी करण्यासाठी वापरता येणार नाही, आणि लेखकाला दिलेल्या मजकुरात यंत्राचा हात असेल तर निर्मात्याने तसे सांगितले पाहिजे. त्यांनी यंत्रावर बंदी मागितली नाही. लेखकाने हवे तर यंत्र वापरावे. मालकाने ते लेखकाविरुद्ध वापरू नये, एवढेच त्यांनी कायम केले.

आपल्या देशात

आता आपल्याकडे. अमेरिकेचे आकडे उचलून भारताला लावता येत नाहीत. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार आपल्याकडील ४६.१ टक्के काम करणारी माणसे शेतीत होती. संगणकसेवा उद्योगात तेव्हा सुमारे ५४ लाख होती. देशाच्या श्रमशक्तीत हे प्रमाण अल्प आहे. तथापि तालुक्याच्या महाविद्यालयातून शिकून हिंजवडीला किंवा खराडीला पोचलेल्या मुलामुलींच्या घरी या नोकरीचे मोल काय आहे, हे तुम्हाला सांगावयास नको. ती या व्यवस्थेतील वर चढण्याच्या थोड्या शिड्यांपैकी एक आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० कर्मचारी, म्हणजे २ टक्के मनुष्यबळ, कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने कारण यंत्राचे दिले नाही. कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचे दिले. परंतु आपल्याकडील हे काम मुळात परदेशातून आले ते मजुरी स्वस्त म्हणून. जे काम स्वस्ताईसाठी आले, ते अधिक स्वस्त यंत्र मिळाले की जाऊ शकते, आणि तो निर्णय पुण्यात होत नाही. असेमोग्लू यांच्या हिशेबात अमेरिकन मालक आणि अमेरिकन श्रमिक एकाच देशात राहतात. आपला मालक कित्येकदा परक्या देशातला ग्राहक असतो. त्यांच्या मांडणीतील ही उणीव आपण भरून काढली पाहिजे.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. असेमोग्लू मालकीच्या प्रश्नाला हात लावीत नाहीत. खासगी भांडवलाला कर, कायदा व संघटना यांच्या साह्याने वळण लावता येईल, असा त्यांचा भरवसा आहे. समाजवाद्यांनी येथे त्यांच्या एक पाऊल पुढे गेले पाहिजे. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी पाच वर्षांकरिता सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. हा जनतेचा पैसा आहे. त्यातून उभी राहणारी गणनशक्ती कोणत्या कामासाठी वापरावयाची, कापसावरील कीड ओळखण्यासाठी, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेच्या मदतीसाठी, की खासगी कंपनीचा पगारखर्च वाचविण्यासाठी, हा प्रश्न लोकसभेत विचारला गेला पाहिजे. यंत्राच्या आकाराचा आणि दिशेचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. गांधीजींचा आक्षेप यंत्राला नव्हता, यंत्राच्या हव्यासाला होता. डॉ. लोहियांनी १९५२ साली पचमढीला लहान यंत्राचा विचार मांडला तोही याच प्रश्नातून. त्यांची उत्तरे आज जशीच्या तशी चालणार नाहीत. परंतु प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता.

आणि आपल्याकडे अनुभवही आहे. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरण व संगणकीकरणाविषयी करार झाला. कोठे व किती यंत्रे बसवावयाची याच्या मर्यादा ठरल्या, यंत्रावर काम करणाऱ्यास विशेष भत्ता मिळाला. त्या काळी वृत्तपत्रांतून कर्मचाऱ्यांची प्रगतिविरोधी म्हणून हेटाळणी झाली. प्रत्यक्षात त्यांनी संगणक रोखला नाही. तो वाटाघाटीच्या मेजावरून येईल अशी व्यवस्था केली. त्या लढ्याची मर्यादाही समजून घ्या. १९९१ नंतर नव्या खासगी बँका संगणकासह जन्माला आल्या आणि तेथे बहुधा संघटनाच नव्हती. जुन्या कर्मचाऱ्याचे संरक्षण झाले, नव्याचे राहून गेले. संघटना जेथे नसते तेथे यंत्राची दिशा मालक एकटा ठरवितो.

मग कार्यकर्त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, हाताशी असलेला कायदा वापरावा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार ज्या सुसूत्रीकरणामुळे किंवा तंत्रबदलामुळे कामगारकपात संभवते, त्याची २१ दिवसांची पूर्वसूचना मालकाने देणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. तिला आपला विरोध आहेच. परंतु बदलाच्या पूर्वसूचनेची तरतूद त्या संहितेतही शिल्लक आहे. नव्या आज्ञावलीने माणसे कमी होणार असतील तर ती आज्ञावली हा तंत्रबदलच होय. सूचना मागा, ती लेखी मागा, आणि २१ दिवसांत वाटाघाट मागा.

दुसरी गोष्ट, संगणकावर काम करणाऱ्यांना आपले माना. कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक व कारकुनी काम करणारेही येतात. पदनाम ‘मॅनेजर’ असे दिले म्हणून कोणी मालक होत नाही. हा तरुण वर्ग आपल्या सभांना येत नाही अशी तक्रार आपण करतो. त्याच्या दारी आपण किती वेळा गेलो, हेही पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट, ज्यांच्यावर यंत्र आजच मुकादमी करीत आहे त्यांच्याकडे लक्ष द्या. घरोघरी माल पोचविणाऱ्या मुलाला कोणते काम मिळेल, किती पैसे मिळतील, त्याचे खाते केव्हा बंद होईल, हे आज आज्ञावली ठरविते. राजस्थानने २०२३ साली अशा श्रमिकांसाठी देशातील पहिला कायदा केला; कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने आज्ञावलीच्या निर्णयांविषयी माहिती मिळण्याचा हक्कही मान्य केला. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक येथील श्रमिकांनाही हा हक्क मिळाला पाहिजे, आणि त्यासाठीची मोहीम आपण हाती घेतली पाहिजे.

चौथी गोष्ट, लाभाचा वाटा मागा आणि तो केवळ पैशात मागू नका. यंत्राने दहा तासांचे काम आठ तासांत होत असेल तर ते दोन तास कोणाचे? आठ तासांचा दिवस ही कामगार चळवळीची कमाई आहे. कोणत्याही यंत्राने तो आपणहून दिला नाही.

साथींनो, यंत्रापुढे हात जोडणे आणि यंत्रावर हात उगारणे या दोन्ही वृत्तींनी निर्णय मालकाच्या हाती सोडून दिला जातो. असेमोग्लू यांचा उपयोग आपल्याला एवढाच, परंतु तो फार मोठा आहे. जी दिशा अटळ म्हणून सांगितली जाते ती निवडलेली आहे, हे त्यांनी अर्थशास्त्राच्या भाषेत, अर्थशास्त्रज्ञांच्या सभेत सिद्ध केले. जे निवडले जाते ते बदलता येते. ते बदलण्याचे काम मात्र कोणत्याही प्राध्यापकाच्या निबंधाने होणार नाही. ते कारखान्याच्या दारात, बँकेच्या शाखेत, हिंजवडीच्या बसथांब्यावर आणि विधिमंडळात करावयाचे आहे. आणि ते तुमचे आहे.